आमचे पहिले वस्ताद

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. या सभामंडपात पदवीधर आहेत, डॉक्टर आहेत, अभियंते आहेत. आम्ही मॅट्रिक झालेले आणि पुढे अध्यापनाची दोन वर्षे पुरी करून चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत पाढे व बाराखडी शिकविलेले एक निवृत्त शिक्षक. आम्ही आपणांस नवीन ते काय सांगणार? परंतु मुलांच्या सत्काराच्या दिवशी त्यांच्या गुरूंचे स्मरण व्हावे हे योग्यच आहे. म्हणून आम्ही आमच्या पहिल्या गुरूंविषयी बोलण्याचे ठरविले. ते शाळेतील गुरुजी नव्हते, तालमीतील वस्ताद होते. शिवाय त्यांच्यासंबंधी एक गोष्ट आमच्या मनात चाळीस वर्षांहून अधिक काळ सलत राहिली आहे. ती आपल्या मंडळीसमोर सांगितल्यावाचून आमचे ऋण फिटणार नाही.

ज्या इस्लामपुरात आमचे बालपण गेले, त्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय शासनाने २०२५ साली जाहीर केला. आमच्या आठवणी जुन्या नावाच्या काळातल्या असल्याने या भाषणात तेच नाव येईल. वाळवे तालुक्याचे हे ठाणे कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक मुलखात वसले आहे. या मुलखाला कुस्तीचे वेड पूर्वापार आहे. शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला. १९०२ साली युरोपच्या प्रवासात रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांच्या मनात तसे मैदान बांधण्याची कल्पना आली, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. त्या मैदानाची कीर्ती गावोगाव पोचली आणि लहानसहान गावांतूनही तालमी नांदू लागल्या. आमच्या लहानपणी कवठेपिरानचे मारुती माने यांचे नाव प्रत्येक मुलाच्या तोंडी असे. त्यांनी १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविले होते आणि १९६४ साली ते हिंदकेसरी झाले होते. आपणही तसेच व्हावे असे कोणत्या मुलास वाटले नसेल?

आम्हांसही तसेच वाटे. १९७० साली, वयाच्या दहाव्या वर्षी, आम्ही तालमीत जाण्याचा हट्ट धरला. आमच्या आजोबांना तो मानवला नाही. त्यांचा आक्षेप व्यायामास नव्हता. ते म्हणाले, “तिथं कोण कुणाच्या अंगाला लागतो, त्याचा हिशेब नाही. आपल्या घरातलं पोर तिथं नको.” आजोबा वाईट मनुष्य नव्हते. त्यांच्या काळचे संस्कार त्यांच्या तोंडून बोलत होते. आमची रडारड वस्तादांच्या कानी गेली, आणि एके संध्याकाळी ते स्वतः आमच्या घरी आले.

त्यांच्या घरच्या मंडळींच्या इच्छेस मान देऊन आम्ही त्यांचे नाव येथे घेत नाही. तालमीत लहानथोर सर्व त्यांना आबा म्हणत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. त्या दिवशी ते आमच्या ओसरीच्या पायरीपाशी उभे राहिले. कोणी त्यांना बसा म्हटले नाही. त्यांनी आजोबांना हात जोडले आणि एवढेच म्हणाले, “अण्णा, पोरगं सहा म्हैनं माझ्याकडं द्या. अंगाला माती लागंल, ती इहिरीवर धुतली की जाती. आन् जे लागंल ते ऱ्हाईल, ते मागनं बघा.” आजोबांनी बराच वेळ विचार केला आणि मान हलविली. सहा महिन्यांनी त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आताच्या मुलांना तालीम ठाऊक नसेल, म्हणून थोडे वर्णन करतो. मातीच्या भिंती, वर कौले, एका कोपऱ्यात मारुतीची तसबीर, आणि मधोमध खोल असा हौदा. हौद्यातील तांबडी माती साधी नसे. तीत तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस मिसळलेला असे. त्यामुळे माती मऊ राही आणि अंगावरील ओरखडे चिघळत नसत. पहाटे चार वाजता आबा हाक मारीत. प्रथम फावड्याने हौदा उकरावयाचा, मग मारुतीस नमस्कार करून माती कपाळी लावावयाची, मग जोर आणि बैठका. पंचवीस जोरांनी आरंभ होई आणि वर्षभरात मुले शंभर-दीडशेपर्यंत जात. त्यानंतर लढत. ढाक, कलाजंग, एकचाक, घिस्सा, मोळी अशा डावांची नावे आम्ही पाढ्यांच्याही आधी पाठ केली.

आबा दिवसा बाजारपेठेत पोती वाहत. तालमीबद्दल त्यांनी कोणाकडून कधी पैसा घेतला नाही. गुरुपौर्णिमेस मुलांनी नारळ ठेवावा, आणि तो फोडून त्यांनी खोबऱ्याचा तुकडा व गुळाचा खडा सर्वांच्या हातावर ठेवावा, एवढाच त्यांचा देण्याघेण्याचा व्यवहार.

त्यांचे दोन नियम मात्र कडक होते. पहिला नियम असा की, ज्याला पाडले त्याला हात देऊन उठवावयाचे आणि त्याच्या पाठीवरची माती आपल्या हाताने झाडावयाची. जो हे विसरेल त्याची त्या दिवशीची लढत बंद. दुसरा नियम असा की, ताकदवान मुलाने आठवड्यातून तीन दिवस दुबळ्या मुलाशीच सराव करावयाचा आणि त्यात स्वतः खाली बसावयाचे. आम्हांस हा नियम जाचक वाटे. आम्ही एकदा कुरकुर केली तेव्हा आबा म्हणाले, “वर बसून समदेच शिकत्यात. खाली बसून कोन काय करतंय ते कळाया लागलं, म्हंजी तू शिकलास.”

१९७२ साल उजाडले. त्या दुष्काळाची आठवण येथील वडीलधाऱ्या मंडळींना असेलच. विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली, माणसे दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी आणि सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. दूध-तुपाचा खुराक कोठून येणार? तालमीतील पोरे घटली. आबाही खडी फोडावयास जात. तरी त्यांनी हौदा एक दिवसही कोरडा पडू दिला नाही. संध्याकाळी कामावरून परतल्यावर ते आम्हां सात-आठ पोरांना बसवीत आणि म्हणत, “जोर कमी काढा, पर या. तालमीत यायचं सोडू नका.” त्या वर्षी त्यांनी आमच्या अंगात फारशी ताकद घातली नाही, परंतु रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहण्याची सवय घातली. पुढे आमच्या नोकरीत ही सवयच आम्हांस सर्वांत उपयोगी पडली.

आता ज्या प्रसंगाने आमच्या आयुष्याची वाट ठरली, तो सांगतो. १९७५ साली आम्ही पंधरा वर्षांचे होतो. अंगात बळ आले होते आणि त्याबरोबर मस्तीही. शाळेच्या वाटेवर एका वर्गबंधूने आमची थट्टा केली. आम्ही रागाच्या भरात त्यास ढाक लावली. खाली तालमीची माती नव्हती, खडीचा रस्ता होता. त्याचा उजवा हात मोडला.

संध्याकाळी आबांनी आम्हांस मारले नाही की शिवी दिली नाही. आम्हांस हाताशी धरून त्यांनी त्या मुलाच्या घरी नेले. त्याची आई विधवा होती आणि मोलमजुरी करीत होती. आबांनी तिच्यापुढे मान खाली घालून सांगितले, “बाई, चूक पोराची न्हाय, माझी हाय. डाव मी शिकविला, कुठं लावायचा न्हाय ते शिकवाया कमी पडलो.” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “ह्याचा हात सुटस्तवर ह्याचा हात तू.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्या मुलाचे दप्तर वाहू लागलो. त्याच्या घरी पाण्याच्या घागरी भरू लागलो. तालमीत आम्हांस फक्त हौदा उकरण्याची परवानगी होती, लढण्याची नव्हती. त्या मुलास लिहिता येत नव्हते, म्हणून त्याच्या वह्याही आम्ही लिहून देऊ लागलो. लिहिताना ध्यानी आले की, त्यास गणितातील अपूर्णांक मुळीच समजले नव्हते. आम्ही कंदिलाच्या उजेडात भाकरीचे तुकडे करून त्यास अर्धा, पाव, पाऊण समजावू लागलो. एके रात्री त्यास ते उमगले आणि तो मोठ्याने हसला. तसा आनंद आम्हांस कोणतीही कुस्ती मारून झाला नव्हता.

मान वर करून पाहिले तो दाराशी आबा उभे होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे. त्या वेळी ते काहीच बोलले नाहीत. सहा आठवड्यांनी पट्टी निघाली आणि आम्ही पुन्हा लढण्याची परवानगी मागावयास गेलो. तेव्हा म्हणाले, “लढ की. कुस्ती सोडू नकोस. पर तुझा डाव निराळा हाय, तो मी परवा रात्री कंदिलापाशी बघितला.”

१९७६ साली आम्ही एस.एस.सी. झालो. वडिलांच्या मनात आम्ही शेती सांभाळावी असे होते. आबा पुन्हा आमच्या ओसरीच्या पायरीशी आले आणि वडिलांना म्हणाले, “ह्याला मास्तर करा.” वडिलांनी ते ऐकले. आम्ही अध्यापक विद्यालयात गेलो, १९७८ साली नोकरीस लागलो आणि २०१८ साली निवृत्त झालो. या चाळीस वर्षांत आमच्या हातून काही बरे झाले असेल तर ते आबांच्या त्या दोन नियमांमुळे. हुशार मुलास आम्ही नेहमी कच्च्या मुलाशेजारी बसविले आणि आठवड्यातील तीन दिवस त्याच्याकडून शिकवून घेतले. वर्गात चुकलेल्या मुलास सर्वांदेखत हसू दिले नाही. ज्याने त्यास चूक दाखविली, त्यानेच ती सुधारून देण्यास मदत करावयाची, असा दंडक ठेवला. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतही अशा गोष्टी आहेत, पण आम्ही त्या तालमीच्या हौद्यात शिकलो होतो.

बंधुभगिनींनो, पहिला गुरू मनुष्याची वाट कशी घडवितो याचे थोर उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कराडजवळच्या गोळेश्वर या गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांचे पहिले गुरू त्यांचे वडील दादासाहेब जाधव होते. खेड्यातील मातीत त्यांनी मुलास लहानपणीच डाव शिकविले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. तेथे कुस्ती मातीत नव्हती, गादीवर होती. निराळ्या नियमांच्या त्या कुस्तीचा त्यांनी जिद्दीने अभ्यास केला आणि चार वर्षांनी पदक आणले. हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. या हकिगतीत दोन माणसे दिसतात. एक जन्मदाता पिता, ज्याने आरंभ करून दिला. दुसरा प्राचार्य, ज्याचा त्या मुलाशी विद्यार्थी याखेरीज दुसरा संबंध नव्हता, आणि त्याने घर पणास लावले. आपल्या घरच्या मुलासाठी सगळेच झटतात. परक्याच्या मुलासाठी जो झटतो, त्याच्यामुळे समाज पुढे जातो. आमचे आबा या दुसऱ्या प्रकारचे होते.

आणि त्यांच्याशी आम्ही कसे वागलो, ते आता सांगावयाचे आहे.

१९८३ साली आमचे लग्न झाले. आबांना आम्ही स्वतः जाऊन अक्षत दिली होती. ते धुतलेला सदरा आणि नवा फेटा घालून आले. हातात नारळ आणि आमच्यासाठी एक कापड होते. पोती वाहणाऱ्या मनुष्याने ते कसे घेतले असेल, हे आम्हांस ठाऊक होते. पंगती बसल्या. आपल्या ज्ञातीची मंडळी मांडवात बसली. आमच्या घरच्या एका वडीलधाऱ्यांनी आबांना खांद्याला धरून मांडवाबाहेर, गोठ्यालगत मांडलेल्या निराळ्या पंगतीत नेऊन बसविले. आम्ही मुंडावळ्या बांधून समोरच बसलो होतो. आम्ही ते पाहिले. आबांनीही आम्ही पाहिल्याचे पाहिले. उठून त्यांना हाताला धरून मांडवात आणावे, एवढेच करावयाचे होते. पाडलेल्या माणसाला हात देऊन उठवावे, हा तर आमचा पहिला धडा होता. आम्ही उठलो नाही. वडीलधाऱ्यांचा शब्द, पाहुण्यांची गर्दी, शुभ प्रसंग, अशी अनेक कारणे त्या वेळी मनाने पुढे केली. कारणे देणे सोपे असते.

आबा जेवले. जाताना आम्हां उभयतांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला आणि निघून गेले.

सहा वर्षांनी, १९८९ साली, ते आपल्या नातवास शाळेत घालण्यासाठी आमच्याकडे आले. आता ते आम्हांस अरे-तुरे करीत नव्हते, “गुरुजी” म्हणत होते. ते ऐकून आम्हांस लाजल्यासारखे झाले. मुलाचे नाव दाखल करून घेतल्यावर आम्ही त्यांना झाडाखाली नेले आणि म्हणालो, “आबा, लग्नाच्या दिवशी...” त्यांनी हात वर करून आम्हांस थांबविले. म्हणाले, “गुरुजी, बुंदी झ्याक झाली हुती. तूप चांगलं हुतं.” आणि नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून ते चालू लागले. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. आम्ही त्या वेळी दूरच्या गावी बदलीवर होतो. निरोप चार दिवसांनी मिळाला.

म्हणजे क्षमा मागावयाची ती राहूनच गेली. ती आज आम्ही आपल्या सर्वांसमोर मागत आहोत. कोणी म्हणेल, इतक्या जुन्या गोष्टी मेळाव्यात कशाला? आमचे उत्तर असे की, ज्या पंगतीतून त्यांना उठविले ती आपलीच पंगत होती. तेव्हा माफीही आपल्याच मंडपात मागितली पाहिजे.

यावरून कोणी असे समजू नये की, आम्हांस ज्ञातिमंडळाचे कार्य नको आहे. या मंडळाने दिलेल्या वह्यापुस्तकांवर आमची दोन्ही मुले शिकली. परगावी शिकणाऱ्या मुलांची सोय, गरजू भगिनींना मदत, विवाहातील खर्चास आळा, ही कामे मोलाची आहेत. आपल्या माणसांनी आपल्या माणसांस हात द्यावा यात वाईट काहीच नाही. परंतु हात देण्याची सवय लागल्यावर ती कुंपणापाशी थांबू नये, एवढेच आमचे मागणे आहे. आपल्याच गावाकडे पाहा. गावचा मोठा उरूस संभुआप्पा आणि बुवाफन अशा एका हिंदू आणि एका मुस्लिम सत्पुरुषाच्या जोडनावाने भरतो. जुन्या लोकांनी घालून दिलेली ही वाट आपल्याला नवी नाही.

आणि रूढी बदलत नाहीत असेही नाही. आमच्या काळी मुलीने तालमीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला असता तर गहजब झाला असता. २०२३ सालच्या मार्च महिन्यात आपल्या सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी तो किताब पटकावला. आज लोक आपल्या मुलींना हौसेने तालमीत घालतात. जी गोष्ट अशक्य वाटत होती, ती एका पिढीत कौतुकाची झाली.

म्हणून आमची मंडळास एक नम्र विनंती आहे. आमच्या निवृत्तिवेतनातून शिल्लक टाकलेले एकवीस हजार रुपये आम्ही मंडळाच्या स्वाधीन करीत आहोत. त्यांच्या व्याजातून दरवर्षी एक पारितोषिक द्यावे. वर्गात पहिला येणाऱ्यास देण्यासाठी इतर पारितोषिके आहेत. हे पारितोषिक अशा मुलास किंवा मुलीस द्यावे की, ज्याने आपल्याबरोबरच्या कच्च्या सोबत्यास शिकवून वर काढले. ते मूल कोणत्या ज्ञातीचे आहे हे विचारू नये. आणि पारितोषिक घेण्यासाठी ते मूल आपल्या आईवडिलांसह या मेळाव्यास आले, की त्या सर्वांना आपल्या पंगतीत, मधोमध, मानाने जेवावयास बसवावे. शेवटची ही अट आमच्या दृष्टीने पैशाहून महत्त्वाची आहे. मंडळास ती मान्य नसेल तर रक्कम परत करावी. आम्हांस राग येणार नाही, परंतु आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा विचारू.

विद्यार्थीमित्रांनो, तुम्ही आज हार घालून घ्याल, छायाचित्र काढून घ्याल. घरी गेल्यावर एक काम करा. ज्याने तुम्हांस पहिल्यांदा काही शिकविले, तो मनुष्य आठवा. तो शिक्षक असेल, शेजारची आजी असेल, सायकल दुरुस्त करणारा कोणी असेल. तो हयात असेल तर त्याच्याकडे जा आणि त्याला बसावयास आसन द्या. उद्या जाऊ म्हणू नका. आम्ही सहा वर्षे उद्या म्हणत राहिलो.